वाळीत टाकलेला शिपाई

१९१० साली पुण्याहून एक अर्ज लंडनला गेला. दख्खनच्या महार परिषदेच्या वतीने शिवराम जानबा कांबळे यांनी तो भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे पाठवला होता. मागणी फार मोठी नव्हती. सरकारी नोकरीतल्या अगदी खालच्या जागा, पलटणीतला शिपाई आणि पोलिसातला शिपाई, एवढ्या तरी आमच्या माणसांना खुल्या करा, असे त्यात विनवले होते. कोरेगावच्या विजयस्तंभावर ज्यांची नावे कोरली गेली त्यांच्या नातवंडा-पतवंडांना १८९० च्या दशकात लष्कराची दारे बंद झाली होती. पोलीस खात्याची दारे उघडी असण्याचा तर प्रश्नच नव्हता.

पुढच्याच वर्षी, २८ जून १९११ रोजी, न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलात एका कृष्णवर्णीय माणसाने शिपाई म्हणून शपथ घेतली. त्यांचे नाव सॅम्युएल बॅटल. आजच्या विशाल न्यूयॉर्क शहराची उपनगरांसह रचना १८९८ साली झाली. त्यानंतर तिथल्या पोलिसात भरती झालेले ते पहिले कृष्णवर्णीय.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. कांबळ्यांना बॅटल ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि बॅटलना पुणे कुठे आहे हेही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही हे दोन कागद, एक अर्ज आणि एक नेमणुकीचा हुकूम, शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत असे मला वाटते. नागपूरच्या वाचकाने न्यूयॉर्कच्या एका शिपायाची कथा का वाचावी, याचे उत्तर वाटेत येईलच. ते आपल्या कोतवाल बुकात आहे.

सॅम्युएलचा जन्म १६ जानेवारी १८८३ चा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या न्यू बर्न गावचा. आईबाप दोघेही गुलामीत जन्मलेले. गुलामगिरी कायद्याने संपून अठराच वर्षे झाली होती. बाप गवंडीकाम करी आणि मेथॉडिस्ट पंथाचा धर्मोपदेशकही होता. जन्मतः पोराचे वजन सोळा पौंड, म्हणजे सव्वासात किलो भरले म्हणतात. त्या राज्यात एवढे मोठे मूल जन्मल्याची नोंद नाही अशी आख्यायिका त्याच्यामागे कायम राहिली. ती कितपत खरी मानायची ते वाचकाने ठरवावे. पण पुढे सहा फूट तीन इंच उंची आणि दोनशे ऐंशी पौंड वजन असलेला जो माणूस रस्त्यावर उभा राहिला, तो पाहिल्यावर लोकांना ती पटत असणार.

पुढे पोलीस झालेल्या या माणसाच्या आयुष्याला वळण लागले ते चोरीमुळे. पोरवयात सॅम्युएल ज्या मालकाकडे कामाला होता त्याच्या तिजोरीतले पैसे त्याने उचलले आणि तो पकडला गेला. मालकाने बापाच्या शब्दाखातर फिर्याद केली नाही, पण वर्षाच्या आत हा पोरगा तुरुंगात दिसेल असे भाकीत करून टाकले. बॅटल म्हातारपणी ही हकिकत स्वतः सांगत. ते भाकीत खोटे पाडायचे म्हणून आपण सुधारलो, असे ते म्हणत. पहिल्या म्हणून मिरवल्या जाणाऱ्या माणसांच्या चरित्रांतून अशा गोष्टी बहुधा धुऊन काढल्या जातात. बॅटलनी ती ठेवली, याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते. शेवटची दहा वर्षे त्यांनी गुन्हेगारीकडे वळलेल्या पोरांसाठी काम केले, त्याचे मूळ इथे आहे.

दक्षिणेत राहून काही होणार नाही हे कळल्यावर तो उत्तरेकडे आला. आधी कनेटिकट, मग न्यूयॉर्क. घरगडी झाला, आगगाडीत नोकर झाला, आणि अखेर ग्रँड सेंट्रल स्थानकावर हमाल. तिथले हमाल लाल टोपी घालत. आपल्या नागपूर स्थानकावरचे लाल सदऱ्यातले कुली आठवावेत, म्हणजे त्या कामाची कल्पना येईल. फरक एवढा की तिथे हे काम जवळजवळ सगळे कृष्णवर्णीयांच्या हाती होते, आणि त्या समाजात ही नोकरी बरी मानली जाई. शिकलेले तरुणही ती करत, कारण त्यांना दुसरीकडे कुणी घेत नसे. शहरातले मोठे लोक, त्यांचे बोलणे, त्यांची कामे हे सगळे सामान वाहता वाहता दिसे. १९०५ साली बॅटल यांचे फ्लॉरेन्स कॅरिंग्टन हिच्याशी लग्न झाले. मग हमालीत भागेना, आणि त्यांनी पोलीस भरतीच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला.

पोलीस व्हायची कल्पना हवेतून आली नव्हती. त्यांचे मेहुणे मोझेस कॉब ब्रुकलिनच्या पोलिसात होते. ब्रुकलिन तेव्हा वेगळे शहर होते आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एक-दोन कृष्णवर्णीय शिपाई घेतले गेले होते. त्यांतले पहिले, वायली ओव्हरटन, १८९१ साली लागले. सहकारी त्यांच्या खोलीत झोपायला तयार होईनात. काही काळाने त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे ते बॅटल यांना घरातच कळले होते.

परीक्षेत ६३८ उमेदवारांत त्यांचा क्रमांक १९९ वा आला. नेमणूक व्हायला हवी होती. तेव्हा पोलीस खात्याच्या डॉक्टरांना त्यांच्या हृदयात दोष आढळला. दिवसभर स्थानकावर पेट्या उचलणाऱ्या धिप्पाड हमालाचे हृदय एकाएकी कमजोर निघाले! आपल्याकडे हे तंत्र अनोळखी नाही. लेखीत पास झालेला माणूस तोंडी परीक्षेत कसा पडतो, हे सांगणारी माणसे प्रत्येक वस्तीत सापडतील. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी आणि त्यांच्या वृत्तपत्रांनी आवाज उठवला, फेरतपासणी झाली आणि हृदय ठणठणीत निघाले. शपथ देताना आयुक्त ऱ्हाइनलँडर वाल्डो यांनी पुढच्या अडचणींची कल्पना दिली होती असे सांगतात.

त्यांना पश्चिम ६८ व्या रस्त्यावरच्या ठाण्यात पाठवण्यात आले. गणवेशातला काळा शिपाई बघायला लोक गोळा होऊ लागले, काही कुतूहलाने, काही टवाळीला. पण रस्त्यापेक्षा ठाण्यातली परीक्षा अवघड होती. त्या काळी शिपायांना पाळीच्या मधल्या वेळेत ठाण्यातच झोपावे लागे. सामाईक शयनगृह होते, ओळीने खाटा होत्या. गोऱ्या शिपायांनी त्यांच्याशी बोलायचे नाही असे ठरवले. शिवी नाही, धक्काबुक्की नाही, तक्रार करावी असे काहीच नाही. फक्त शब्द नाही. सकाळी नाही, रात्री नाही, एकत्र गस्तीला गेल्यावरही नाही.

इंग्रजीतल्या चरित्रांत या प्रकाराला मौनाची वागणूक अशा अर्थाचे नाव आहे. मराठीला ते उसने घ्यायची गरज नाही. आपल्याकडे याला वाळीत टाकणे म्हणतात. नागपूरकडे हुक्कापाणी बंद म्हणतात. एक मोठा फरक मात्र आहे. वाळीत टाकला जातो तो आधी पंगतीत बसलेला माणूस. त्याला उठवले जाते. बॅटल यांना पंगतीत कधी बसू दिलेच नव्हते. आणि वाळीत टाकण्याचा ठराव गावची जातपंचायत उघड करते. इथे कुठलाही ठराव नव्हता, कागद नव्हता, वरिष्ठांचा हुकूम नव्हता. सरकारने नेमणूक दिली होती, पगार देत होते, गणवेश दिला होता. सरकार आणि सोबती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बॅटल यांच्याइतके स्पष्ट कुणाला कळले नसेल.

शयनगृहात त्यांची खाट नको म्हणून ती वरच्या माळ्यावर गेली. ठाण्याची निशाणे तिथे ठेवत. तिथे, गुंडाळलेल्या झेंड्यांच्या सोबतीला, ते झोपत. ज्या देशाच्या झेंड्याखाली शपथ घेतली त्याच झेंड्याच्या अडगळीत जागा मिळाली, असे मोठे वाक्य इथे लिहायचा मोह होतो. बॅटल यांनी मात्र त्या एकांताचा व्यवहारी उपयोग केला. ते वाचत बसत, पुढच्या परीक्षांचा अभ्यास करत. एकदा त्यांच्या खाटेपाशी एक चिठ्ठी लावलेली होती. तिला बंदुकीच्या गोळीएवढे भोक पाडले होते आणि इथून गेला नाहीस तर तुझेही असेच होईल असा मजकूर होता. त्यांनी तक्रार केली नाही. बातमीदार विचारायला आले तेव्हाही केली नाही.

ही गप्प राहण्याची रीत आज आपल्याला खटकते. मलाही पहिल्या वाचनात खटकली. पण विचार करता दिसते की त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. तक्रार केली असती तर कुणाविरुद्ध? न बोलणे हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही. आणि तक्रारखोर ठरून नोकरी गेली असती तर ओव्हरटन यांच्या नंतर पुन्हा वीस वर्षे कुणी आले नसते. ते टिकून राहिले, हीच त्यांची तक्रार होती. १९१९ च्या जानेवारीत वेस्ली विल्यम्स हा तरुण न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात लागला. ग्रँड सेंट्रलच्या लाल टोपीवाल्यांच्या मुकादमाचा हा मुलगा, बॅटल यांच्या ओळखीतला. तो ब्रूम रस्त्यावरच्या ठाण्यात हजर झाला त्या दिवशी तिथला कप्तान निवृत्त होऊन घरी गेला आणि इतरांनी बदलीचे अर्ज टाकले. तोही टिकला. आधी कुणीतरी टिकून दाखवलेले होते.

१९१३ साली बॅटल यांची बदली हार्लेममध्ये झाली. दक्षिणेतून येणाऱ्या कृष्णवर्णीयांनी ती वस्ती त्या वर्षांत भरत होती. इथे लोक त्यांच्याकडे बघायला जमत तेव्हा टवाळीला जमत नसत.

त्याच १९१३ च्या जुलै महिन्यात बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बावीस वर्षांचे भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठ ११६ व्या रस्त्यावर, मॉर्निंगसाइडच्या टेकडीवर आहे. टेकडी उतरले की हार्लेम. १३५ वा रस्ता आणि लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यू यांचा चौक, जो पुढे बॅटल यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला, तो तिथून पायी अर्ध्या तासावर. आंबेडकर तिथे १९१६ पर्यंत होते. हे दोघे भेटले असे मला म्हणायचे नाही. ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथे बसणारा विद्यार्थी रस्त्यावरच्या शिपायाला कशाला भेटेल? मुद्दा वेगळा आहे. ज्याचा बाप लष्करात सुभेदार होता, आणि ज्याच्या स्वतःच्या जातीला आता लष्कर आणि पोलीस दोन्ही बंद होते, तो तरुण अशा शहरात राहत होता जिथे कालपर्यंत गुलाम असलेल्यांचा मुलगा पोलिसाची काठी हातात घेऊन चौकात उभा होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न आंबेडकरांनी पुढेही सोडला नाही. १९४६ च्या जुलैत त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागवल्या. द्युबॉइस यांनी महिनाभरात उत्तरही दिले. अर्ज कसा लिहावा हे एकमेकांकडून शिकण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण करताना जोतीरावांच्या नजरेपुढे अमेरिकेतले गुलामीविरोधी लोकच होते.

आता थोडे आपल्या प्रांताकडे.

जात पडताळणीसाठी ज्यांनी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना कोतवाल बुक हा शब्द समजावून सांगायला नको. विदर्भात जुन्या पिढीतल्या पूर्वजाची जात सिद्ध करायची तर कोतवाल बुकाची नक्कल काढतात. गावात कोण जन्मले, कोण मेले, बापाचे नाव काय, जात कोणती, हे त्यात असते. पिवळे पडलेले, कडा तुटलेले ते पान आज शिक्षणाचे आणि नोकरीचे दार उघडते. पण ही माहिती गावातून पोलीस ठाण्यापर्यंत कोण नेत होते? कोतवाल. आणि नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा या मराठी मुलखात कोतवाल हा बहुतेक गावांत महार असे.

मध्य प्रांताच्या जातीजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली चार खंडांचा ग्रंथ काढला. १९११ च्या शिरगणतीत या प्रांतात आणि वऱ्हाडात मिळून महारांची संख्या सुमारे बारा लाख होती असे त्यात सांगितले आहे, आणि गावचा पहारेकरी म्हणून या जातीचे काम नोंदले आहे. वऱ्हाडात या कामाला जागल्या होता, पश्चिम महाराष्ट्रात वतनदार महार आणि येसकर. नावे वेगळी, काम तेच. रात्री गस्त घालणे, गावात आलेल्या परक्यावर नजर ठेवणे, चोराचा माग काढणे, पाटलाचा आणि सरकारचा निरोप पोचवणे, सरकारी खजिन्याबरोबर चालणे, शिवेच्या भांडणात साक्ष देणे. शीव कुठे आहे हे महाराने सांगावे आणि साऱ्या गावाने मानावे, इतका त्याचा शब्द खरा धरला जाई.

हे सगळे पोलिसाचे काम नाही तर काय आहे? १८६१ च्या पोलीस कायद्याने गणवेश, हुद्दे आणि ठाणी आली, त्याच्या आधी शेकडो वर्षे गावची पोलिसी हीच माणसे करत होती, आणि कायदा आल्यावरही ठाणेदाराचे डोळे आणि कान तीच राहिली. फक्त ठाण्याच्या आत त्यांना जागा नव्हती. कोतवालाने यायचे, बाहेर उभे राहून खबर द्यायची, ती आतला माणूस लिहून घेणार. मोबदल्यात गावाकडून धान्य, बलुते. काठी त्याच्या हाती, पण ती गावची काठी, सरकारची नव्हे.

म्हणून आपल्याकडचा पहिला अस्पृश्य पोलीस कोण, असा प्रश्न विचारला जातो तेव्हा मला तो थोडा फसवा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये तो प्रश्न सरळ आहे. तिथे कृष्णवर्णीयाने ते काम त्याआधी केलेले नव्हते, म्हणून तारीख सांगता येते. आपल्याकडे काम त्याचेच होते. त्याला काम नको होते असे नाही आणि सरकारला त्याचे काम नको होते असेही नाही. नको होता तो त्याच्या अंगावरचा गणवेश.

का नको होता? माझ्या मते उत्तर स्पर्शात आहे. पोलिसाचे काम स्पर्शाशिवाय होतच नाही. आरोपीचे मनगट धरायचे असते. झडतीला घरात शिरायचे असते, स्वयंपाकघरात, देवघरात. पंचनाम्याला ओसरीवर बसायचे असते. कोतवाल चोराचा माग वाड्याच्या दारापर्यंत काढू शकत होता. उंबरा ओलांडायला दुसरा माणूस लागे. आणि मग पोलीस लाइनीतले राहणे, सामाईक पाणी, सामाईक भटारखाना. न्यूयॉर्कच्या ठाण्यात प्रश्न झोपायच्या खाटेचा होता. इथे तो पाण्याच्या रांजणाचा होता. तिथे गोऱ्या जमावाला काळ्या माणसाने हुकूम कसा सोडावा, ही अडचण होती. इथे हुकूम तर दूरची गोष्ट, सावलीचीच अडचण होती. आंबेडकरांनी पुढे गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना दोन्ही एकच आहेत असे म्हटले नाही, आणि ते बरोबरच आहे. सारखेपणा शोधताना हा फरक पुसू नये.

कांबळ्यांच्या अर्जाला पहिल्या महायुद्धाने अर्धे उत्तर दिले. १९१७ साली माणसांची निकड लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि निकड संपल्यावर १९२१ साली मोडली. १९२८ साली सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या निवेदनातून आंबेडकरांनी लष्कर, आरमार आणि पोलीस यांत जातीची आडकाठी न ठेवता भरतीचा हक्क पुन्हा मागितला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. या दोन मागण्या बहुधा वेगवेगळ्या वाचल्या जातात. मला त्या एकाच वाक्याचे दोन अर्धे वाटतात. बिनपगारी पोलिसी सोडवा आणि पगारी पोलिसी द्या. आमचेच काम आहे, आता ते हक्काने करू द्या. नागपुरात ८ ऑगस्ट १९३० रोजी त्यांच्याच अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित काँग्रेस भरली, आणि काही आठवड्यांनी ते गोलमेज परिषदेला निघाले. सरकारी नोकरीतले पुरेसे प्रतिनिधित्व हे तिथे मांडलेल्या संरक्षणांत होतेच. जुलूम करणाऱ्यांचेच भाईबंद ठाण्यात बसले असतील तर कायद्याने दिलेला हक्क कागदावरच राहतो, ही त्यामागची सरळ समजूत होती.

हार्लेममध्ये ती समजूत वेगळ्या तऱ्हेने कसाला लागत होती.

१९१९ साली अमेरिकेत ठिकठिकाणी वांशिक दंगली उसळल्या होत्या. हार्लेममध्ये एक गोरा शिपाई खवळलेल्या जमावात सापडला. बॅटल गर्दीत घुसले आणि त्यांनी त्याला जिवंत बाहेर काढले. तोवर सार्जंटच्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या वर्गात त्यांना प्रवेश नव्हता. शिपायांच्या मतानेच प्रवेश मिळे. या प्रसंगानंतर त्यांनी मत दिले आणि दार उघडले. आठ वर्षांनी मौन सुटले. ते सुटायला एका गोऱ्याचा जीव वाचवावा लागला, हे वाचताना समाधान आणि संताप दोन्ही होतात. आमच्याकडेही अस्पृश्याचे माणूसपण मान्य व्हायला त्याने आधी कुणाला तरी विहिरीतून काढावे लागते; निदान आमच्या जुन्या कथा-चित्रपटांत तरी.

त्यानंतरही सार्जंटची पट्टी दंडावर यायला १९२६ उजाडले. १९३५ साली ते लेफ्टनंट झाले. दोन्ही हुद्द्यांवर त्या दलातले पहिले कृष्णवर्णीय.

त्याच १९३५ च्या १९ मार्चला हार्लेम पेटले. १२५ व्या रस्त्यावरच्या एका दुकानातून लिनो रिव्हेरा नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने खिशातला चाकू उचलला. त्याला पकडले, झटापट झाली, आणि पोलिसांनी त्याला मागच्या वाटेने सोडून दिले. बाहेर मात्र पोराला मारून टाकल्याची आवई उठली. दुर्दैवाने एक शववाहिका नेमकी त्याच वेळी तिथे येऊन उभी राहिली. रात्रभर काचा फुटल्या. निदान तीन माणसे मेली. पोरगा घरी सुखरूप होता. त्याला शोधून आणले आणि लेफ्टनंट बॅटल यांच्याबरोबर त्याचे छायाचित्र काढून ते सगळीकडे पोचवले. ते छायाचित्र आजही पाहायला मिळते. शेजारी गणवेशातला भला थोरला माणूस आणि त्याच्याजवळ किडकिडीत पोरगा. या चित्राकडे मी जेव्हा पाहतो तेव्हा न्यू बर्नमधल्या तिजोरीची आठवण येते. चोरी करताना सापडलेला एक पोरगा दुसऱ्या तशाच पोराबरोबर उभा आहे.

पण हेही विचारायला हवे की हार्लेमने त्या चित्रावर एकदम विश्वास का ठेवावा? बेकारी, भाडी, दुकानांतून कृष्णवर्णीयांना न मिळणारी कामे आणि पोलिसांचा मार हे सगळे आवईच्या आधीपासून होते. शेकडो गोऱ्या शिपायांच्या दलात एक बॅटल असल्याने ते बदलत नव्हते. उलट दल अडचणीत आले की त्याचा चेहरा म्हणून त्यांनाच पुढे केले जाई. १९४३ च्या ऑगस्टमध्ये एका गोऱ्या शिपायाने कृष्णवर्णीय सैनिकावर गोळी झाडली, तो फक्त जखमी झाला, पण मेल्याची आवई उठली आणि दंगलीत सहाजण गेले. महापौर ला गार्डिया यांना पुन्हा बॅटल यांचीच आठवण झाली. तेव्हा ते पोलिसात नव्हते. १९४१ साली महापौरांनी त्यांना पॅरोल आयुक्त नेमले होते. तरी ते गेले, लोकांना घरी परतवण्याच्या कामाला लागले. पहिल्या माणसाच्या वाट्याला हे येतेच. तो आपल्या लोकांचा सरकारातला माणूस असतो, आणि ज्या दिवशी आग लागते त्या दिवशी सरकारचा आपल्या लोकांतला माणूस ठरतो. कोतवालाची अवस्था याहून फार निराळी नव्हती. गावाला तो ठाण्याचा खबऱ्या वाटे, ठाण्याला गावचा महार.

योगायोग म्हणा, पण त्याच ऑगस्ट १९४३ मध्ये इकडे दिल्लीत, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असलेल्या आंबेडकरांच्या प्रयत्नाने, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. दोन वर्षे आधी, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली होती. कांबळ्यांच्या अर्जाला तेहेतीस वर्षे झाली होती. यातली महत्त्वाची गोष्ट ही की इथे लढाई एका माणसाच्या नेमणुकीची राहिली नाही. ठाण्यात एकटा गेलेला माणूस माळ्यावर झोपतो. टक्केवारीने दहाजण गेले तर निदान आपसांत बोलतात.

पॅरोल आयुक्त म्हणून बॅटल यांनी दहा वर्षे काम केले. हार्लेममधल्या वाट चुकलेल्या मुलांसाठी खेळ, उन्हाळी शिबिरे, कामधंदा अशा खटपटी केल्या. १९५१ साली ते निवृत्त झाले. त्याआधी दोन वर्षे त्यांनी आपले चरित्र लिहून घेण्यासाठी कवी लँग्स्टन ह्यूज यांना गाठले होते. एवढा मोठा कवी, एवढे भरलेले आयुष्य. पण ह्यूज यांना त्या कामात फारसा रस नव्हता, आणि जे हस्तलिखित तयार झाले ते छापायला प्रकाशक मिळाला नाही. ७ ऑगस्ट १९६६ रोजी, त्र्याऐंशीव्या वर्षी, बॅटल वारले तेव्हाही ते छापलेले नव्हते. त्या कागदांच्या आधारे त्यांचे सविस्तर चरित्र निघायला २०१५ साल लागले. त्याआधी २००९ साली १३५ वा रस्ता आणि लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यू यांच्या चौकाला त्यांचे नाव देण्यात आले.

शेवटची एक नोंद राहिली. १९६० च्या फेब्रुवारीत, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, बॅटल यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकून टिपून घेतल्या गेल्या. तिजोरीतली चोरी, लाल टोपी, न बोलणारे सोबती, सारे त्यांनी सांगितले. टिपून घेणारी संस्था होती कोलंबिया विद्यापीठ. टेकडीवरच्या त्याच विद्यापीठात त्यांच्या आठवणींची ती टंकलिखित पाने आजही जपून ठेवली आहेत.